आठ मोजेपर्यंत

माझ्या मोठ्या जाऊबाईंना मी ताई म्हणते. आमच्या घरात आरडाओरडा करायचं काम माझ्याकडे आणि गप्प बसायचं काम त्यांच्याकडे, अशी वाटणी माझं लग्न झालं त्याच वर्षी झाली, आणि आजतागायत दोघींपैकी कोणी ती मोडलेली नाही. त्यामुळे ताईंबद्दल सांगायचं तर मलाच सांगावं लागणार. त्यांना सांगायला बसवलं तर ‘मी पियानो वाजवते’ एवढं म्हणून त्या चहा ठेवायला उठतील.

वाजवतात कुठे? मोठ्या सभागृहात, झुंबराखाली? छे! आमच्या रस्त्याच्या टोकाला टायरचं दुकान आहे, त्याच्या वर बॅलेचा वर्ग भरतो. लांबलचक खोली, एका भिंतीला आरसे, समोरच्या भिंतीला कमरेच्या उंचीवर लाकडी दांडा आणि दांडा संपतो तिथे तपकिरी रंगाचा उभा पियानो. मुली दांडा धरून पाय उचलतात, ठेवतात, गुडघे वाकवतात, आणि त्या पायांना ताल मिळावा म्हणून ताई वाजवतात. इतकी वर्षं वाजवताहेत की वर्गातल्या पहिल्या मुलींच्या मुली आता त्याच दांड्याला लोंबकळतात.

वर्गाच्या बाई भारी करड्या. वय झालंय, गुडघे बोलतात, पण पाठ अजून अशी ताठ की बघणाऱ्यानेच सरळ बसावं. त्यांची शिकवायची रीत ठरलेली. बाई लांब सुरात ‘आणि...’ म्हणाल्या की ताईंनी सुरू करायचं. बाईंनी टाळी वाजवली की थांबायचं. टाळी कधी पडते? बहुतेक वेळा आठ मोजून झाले की. तेवढ्यात कोणाची तरी मान कलंडलेली असते, कोणाचा तरी गुडघा आत गेलेला असतो. टाळी. गुडघा बाहेर. ‘पुन्हा. आणि...’ की ताई परत पहिल्यापासून.

वर्षानुवर्षं हे चालल्यावर बाईंची टाळी आणि ताईंचे हात यांच्यामध्ये डोकं नावाची वस्तू शिल्लकच राहिली नव्हती. टाळी ऐकली की बोटं उचललीच. एकदा मी तिथे बसले असताना दोन हातांनी डास मारला, तर ताई वाजवायच्या थांबल्या, मुली एका पायावर अधांतरी, आणि बाईंनी माझ्याकडे असे डोळे वटारले की डास मेला त्यापेक्षा मी जास्त मेले.

घरी पियानो नाही. आमच्या घरात पियानो आणायचा तर कोणाला तरी बाहेर झोपवावं लागेल. ताई माहेरी शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईंकडे शिकल्या आणि सासरी आल्या त्या रिकाम्या हातांनी. सुरुवातीला जेवणाच्या टेबलावर बोटं नाचवायच्या. मोठे दीर लिफ्ट दुरुस्त करतात, फार बोलणारा माणूस नाही. त्यांनी एके दिवशी एक लांब फळी घासूनपुसून आणली आणि तिच्यावर मापात काळ्या-पांढऱ्या पट्ट्या रंगवून दिल्या. त्या फळीवर ताई रोज वाजवतात. आवाज शून्य. शेजाऱ्यांची तक्रार येण्याचा प्रश्नच नाही. मी मात्र पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन रडले होते, आणि का रडतेय असं विचारणाऱ्या नवऱ्यावर उगीचच खेकसले होते.

आता ऑस्ट्रियाचं सांगते.

माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा ताई येऊन माझ्या कॉम्प्युटरवर बसतात. वर्गात तेच ते वाजवून त्यांना कंटाळा आला होता, आणि नवं काही मिळतं का ते शोधता शोधता त्यांना जुन्या ग्रंथालयांनी इंटरनेटवर फुकट ठेवलेली, सुरांच्या लिपीतली छापील पानं सापडली. दोनशे वर्षांपूर्वीची, व्हिएन्नामधली. मला म्हणाल्या, “अगं, त्या एका शहरात पियानोसाठी लिहिणारे इतके लोक होते, आणि आपण नावं घेतो दोघा-तिघांची. बाकीचे गेले कुठे?”

मी म्हटलं, “बाकीचे तुमच्या-माझ्यासारखे राहिले मागे. कागद कुठला घालू, साधा की जाड?”

ते जे मागे राहिलेले, त्यांचीच पानं ताईंनी काढायला सुरुवात केली. माझ्या यंत्रातून नुसत्या मुंग्या बाहेर पडताहेत असं वाटायचं. जुन्या कागदाचे करडे डाग यायचे, मी ते पुसून, कडा कापून, पानं नीट लावून द्यायची. त्या मंडळींची नावं घेताना माझ्या जिभेला गाठ बसायची, म्हणून मी आपली माझी नावं ठेवली. एकाचे हात म्हणे भलतेच मोठे होते, त्याने लिहिलेलं वाजवताना ताईंची बोटं ताणून ताणून दुखायची, तो लांबहात्या. एकाचं लिखाण इतकं चांगलं होतं की छापणाऱ्यांनी ते सरळ दुसऱ्या जगप्रसिद्ध माणसाच्या नावावर खपवलं, ते उसनवार. आणि एक अंध बाई होती, गावोगाव फिरून पियानो वाजवणारी, स्वतः लिहिणारी. तिचं बरंचसं लिखाण हरवूनच गेलं; जे उरलं ते ताईंनी काढलं आणि तिची गोष्ट बाईंनाही सांगितली. हे सांगताना ताई इतक्या हळहळल्या, जशी काही ती बाई आमच्याच घरातली. तिला मात्र मी टोपणनाव ठेवलं नाही, धीर झाला नाही.

वर्गात हे सगळं अगदी फिट्ट बसलं. त्या काळी व्हिएन्नात लोकांना नाचाचं वेड होतं, त्यामुळे ही माणसं आठ-आठच्या मापात छोटे छोटे तुकडे खंडीभर लिहून गेली होती. मोठे तुकडेही सुरुवातीला बहुधा तसेच. बाईंचे आठ मोजून व्हायचे आणि बरोबर तिथे सूर टेकायचा. टाळी. पुन्हा. मुली त्याच सुरांवर लहानाच्या मोठ्या झाल्या. आमच्या रस्त्यावर कुठेही उभं राहा, कोणीतरी उसनवारांचे पहिले आठ गुणगुणत दप्तर ओढत चाललेलं असतं. दाढ काढायला ताई दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या, तर ती वर्गातलीच जुनी मुलगी, हातात पक्कड घेऊन लांबहात्या गुणगुणतेय. ताईंना सांगायचं होतं हे कोणाचं आहे, पण तोंडात कापूस. नुसतं ‘आं-आं’ केलं. डॉक्टरीणबाईंना वाटलं दुखतंय, त्यांनी आणखी एक इंजेक्शन टोचलं.

असं सगळं सुखाने चाललं होतं आणि मग बाईंच्या सुनेने कारभार हातात घेतला. बाईंना सारखी जिन्याची चढउतार झेपत नव्हती, त्यांनी फक्त शिकवायचं, बाकी सगळं सुनेने बघायचं असं ठरलं. तिने महिनाभर सगळं पाहिलं आणि ताईंना सांगितलं की पुढच्या सत्रापासून संगीत स्पीकरवर लावायचं, दांडा कोपऱ्यापर्यंत वाढवायचा, आणि पियानो फर्निचरवाल्याला देऊन टाकायचा. बोलली अगदी गोड. ताई ‘बरं’ म्हणाल्या आणि घरी आल्या.

घरी येऊन फळीसमोर बसल्या. वाजवेनात. मी विचारलं काय झालं, तर म्हणाल्या, “काही नाही गं. आता एवढीच राहिली.” आणि फळीवर हात ठेवला.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. या बाईने आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नाही, साडीसुद्धा ‘कुठलीही चालेल’ म्हणणारी, आणि हिच्याकडून सूर काढून घेणार? चप्पल पायात नीट न घालताच मी टायरच्या दुकानाचा जिना चढले. सून टेप घेऊन भिंत मोजत होती. मी जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. तिने ऐकून घेतलं, टेप गुंडाळली आणि म्हणाली, “झालं? आता माझं ऐका. पियानो मुलींसाठी आहे, आणि मुलींना स्पीकर चालतो. तुमच्या ताई काय वाजवतात हे ऐकायला आजवर एक माणूस इथे आलेला नाही. कोणाला ऐकायचंच नसेल तर मी ती जागा कोणासाठी अडवून ठेवू?”

मी म्हटलं, “ऐकायचंय लोकांना.”

“मग शनिवारी संध्याकाळी खोली देते. बोलवा. लोक आले आणि शेवटपर्यंत बसले, तर पियानो राहील. अर्ध्यात उठून गेले, तर सोमवारी फर्निचरवाला येईल. चालेल?”

खरं सांगते, मला ती आवडली. वाकड्यात शिरणारी नव्हती. मी ‘चालेल’ म्हणून खाली उतरले आणि शेवटच्या पायरीवर माझ्या लक्षात आलं. ताईंना विचारलंच नव्हतं.

ताईंनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. “अगं, मी कधी पूर्ण तुकडा कोणापुढे वाजवलाय? मला आठाच्या पुढची सवयच नाही.” पूर्ण तुकडे त्यांना येत होते, वर्ग सुटल्यावर खोली रिकामी मिळाली की त्या वाजवत. पण ते एकटीने, अंग चोरून, बाहेर चटया घेऊन ताटकळणाऱ्या व्यायामवाल्या बायकांचा एक डोळा दारावर असताना. मी म्हटलं, “ताई, वाजवायचं तुम्ही, माणसं आणायची मी. मला कामाला लावा, वाजवायला लावू नका म्हणजे झालं.”

त्यांनी उसनवारांचा तो मोठा तुकडा निवडला, ज्याची सुरुवात सगळ्या रस्त्याला पाठ होती. मी झोकात जाहिरात छापली: ‘ऑस्ट्रियातील अपरिचित रचनाकारांचे पियानोसंगीत’. दुकानाच्या काचेवर लावली. लोक वाचायचे, ‘अपरिचित’पर्यंत यायचे आणि आधारकार्डाच्या दोन कॉपी मागायचे. दोन दिवसांत एकाने चौकशी केली, तीसुद्धा त्या जाहिरातीचा कागद कुठला वापरला याची.

मी कपाळावर हात मारला. मग मला सुचलं. ताईंचं वाजवणं मी फोनवर उतरवून घेतलं, फक्त पहिले आठ. काउंटरवर कोणीही आलं की यंत्र चालू करायच्या आधी ते ऐकवायचं.

“हे ओळखता?”

“अरे, हे तर आमची मुलगी दात घासताना म्हणते!”

“पुढचं काय आहे?”

माणूस तोंड उघडायचा आणि थांबायचा. पुढचं कोणालाच येत नव्हतं. कसं येणार? गिऱ्हाईक म्हणायचं, “पुढे काय आहे हो?” मी झेरॉक्स हातात देऊन म्हणायची, “शनिवारी. टायरच्या दुकानावर.” एका काकांनी फारच गळ घातली, थोडंसं तरी सांगा म्हणून. मी म्हटलं, “काका, मलाही माहीत नाही.” आणि ते खरंच होतं. इतकी वर्षं मुंग्या छापल्या, पण ऐकलं मीही आठाच्या पुढे नव्हतं.

शनिवारी खोली भरली. आया आल्या, मुली आल्या, मोठ्या झालेल्या मुली नवऱ्यांना ओढत घेऊन आल्या. डॉक्टरीणबाई आल्या. मोठे दीर इस्त्रीचा शर्ट घालून अगदी मागे, दाराशी उभे राहिले, जणू लिफ्ट अडकली तर जवळ असावं. बाई पहिल्या रांगेत ताठ. सून खिडकीशी. ताई माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच स्वतः निवडून आणलेली निळी साडी नेसून आल्या, पियानोसमोर बसल्या, आणि त्यांनी पदर खोचला तो मला तिसऱ्या रांगेतून दिसला.

त्यांनी सुरू केलं. पहिले आठ. खोलीत चेहरेच्या चेहरे उजळले. हे तेच! आपलंच! एका मुलीला राहवलं नाही, तिने आनंदाने टाळी वाजवली, तिच्या आईने वाजवली, आणि क्षणात सगळी खोली टाळ्या वाजवायला लागली.

ताई थांबल्या.

हात उचलले, मांडीवर ठेवले आणि बाईंकडे बघायला लागल्या. कोणाचा गुडघा चुकला हे बाई सांगतील म्हणून वाट बघत.

टाळ्या ओसरल्या. लोकांना वाटलं, झालं, एवढंच होतं. मागे एक-दोन खुर्च्या सरकल्या. डॉक्टरीणबाईंनी पर्स उचलली. त्या गळ घालणाऱ्या काकांना त्यांची बायको म्हणाली, “एवढ्यासाठी आणलं?” सुनेने खिडकी सोडून पियानोकडे बघितलं, आणि ती मनातल्या मनात भिंत मोजतेय हे मला कळलं. ताईंचे डोळे भरले होते. काय झालं ते त्यांना कळलं होतं, आणि हात परत वर येत नव्हते. मी ओरडायला उभी राहिलेच होते.

पण माझ्याआधी बाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि मागे वळल्या.

“बसा सगळे. संपलेलं नाही.” त्या आवाजाला अजून सगळी खोली घाबरते. खुर्च्या जागेवर. “टाळी वाजली की ही थांबते. ती खोड तिची नाही, मी लावलेली आहे. आता मी सांगेपर्यंत कोणी टाळी वाजवायची नाही. हात मांडीखाली घ्या. सगळ्यांनी. डॉक्टर, तुम्हीसुद्धा.”

आणि काय सांगू, आया, बाप, मुली, सगळे निमूट आपापल्या हातांवर बसले. मीही. बाई स्वतः बसल्या, हात मांडीखाली घातले आणि ताईंकडे बघून म्हणाल्या, “आणि...”

ताईंचे हात वर आले.

पहिले आठ झाले. माझे कान सवयीने टाळीची वाट बघायला लागले. टाळी पडली नाही. सूर टेकला, आणि उठून पुढे निघाला. मला संगीतातलं काही कळत नाही, पण एवढं कळलं की आपण इतके दिवस दाराशीच उभे होतो आणि आत केवढं तरी घर होतं. तोच ओळखीचा सूर मध्येच उदास झाला, खाली गेला, अगदी तळाशी जाऊन बसला; मला वाटलं हा काही आता वर येत नाही. आणि मग ताईंच्या डाव्या हाताने त्याला हळूहळू असा वर आणला की माझे डोळे भरले आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. डोळे गळू दिले. बाजूची बाईही तशीच गळत होती. बाईंची मान मागून दिसत होती, ती आधी मोजत होती, एक, दोन, तीन, चार. मग मोजायची राहून गेली.

तुकडा संपला. ताईंनी हात खाली घेतले. टाळी कोणीच वाजवेना, कारण बाईंनी सांगेपर्यंत वाजवायची नव्हती, आणि बाई सांगायचंच विसरल्या होत्या. ताई वळून बघायला घाबरत होत्या. तेवढ्यात मागून, दाराकडून, कोणीतरी पाय आपटला. मोठे दीर! मग दुसऱ्याने आपटला, मग मुलींनी, मग सगळ्यांनी, हात मांडीखाली आणि पाय धाडधाड. खालचा टायरवाला काय पडलं म्हणून वर धावत आला आणि तोही दारात उभा राहिला. ताई हसल्या. खुर्ची सरकवून नीट बसल्या आणि लांबहात्याचे छोटे नाच वाजवायला घेतले. एक माणूस उठला नाही.

लोक पांगल्यावर सून आली. म्हणाली, “मला यातलं ओ की ठो कळलं नाही. पण उठलं कोणी नाही. पियानो राहील. सकाळच्या लहान मुलींना मात्र मी स्पीकरच लावणार, ते बदलणार नाही. महिन्यातून एक शनिवार तुमचा.” ताई ‘बरं’ म्हणाल्या. मला आणखी घासाघीस करायची होती, पण ताईंनी माझा दंड धरला.

मी खुर्च्या घडी करायला लागले. सून दिवे घालवायला गेली. बाई मात्र पहिल्या रांगेत तशाच बसून होत्या.

“मी तुला इतकी वर्षं तिथेच थांबवत होते?” त्यांनी विचारलं. “एवढं सगळं पुढे असताना?”

“हो, बाई.”

“आणि तू एकदाही बोलली नाहीस?”

“मुलींचे गुडघे वाकत होते ना, बाई.”

बाई हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांचा आवाज फुटला. पदराने तोंड पुसून त्या म्हणाल्या, “त्या बाकीच्या तुकड्यांचंही असंच आहे? त्या अंध बाईचं? सगळ्यांचं?”

“सगळ्यांचंच पुढे आहे, बाई,” ताई म्हणाल्या.

“मग बस. वाजव.”

सुनेने बटणावर ठेवलेला हात काढून घेतला. मी घडी केलेली खुर्ची परत उघडली.